साप चावला तर? फोन-इनला पावसाळाभर येणारे प्रश्न

पहिला पाऊस पडला की आमच्या सामुदायिक रेडिओच्या फोनवर दुसरा विषयच नसतो. पेरणी, रोपलावण, गवत, अंधार आणि साप. तेच प्रश्न दर वर्षी नव्या आवाजात येतात. म्हणून ते इथे एकत्र केले. उत्तरं ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांशी बोलून तयार केली आहेत. प्रश्न मात्र श्रोत्यांनी विचारले तसेच ठेवले.

आत्ता या क्षणी कुणाला साप चावला असेल तर पुढे वाचू नका. १०८ लावा किंवा गाडी काढा.

१. साप चावला. पहिल्या पाच मिनिटांत नेमकं काय करायचं?

सापापासून लांब व्हा. चावलेल्या माणसाला खाली बसवा किंवा आडवं करा. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, जोडवी, घड्याळ, करदोटा, जे काही आवळेल ते काढा, कारण सूज आली की ते कापूनच काढावं लागतं. हात किंवा पाय मोडल्यावर फळी बांधतो तशी पट्टी, काठी, जाड पुठ्ठा काहीतरी लावून तो भाग हलू देऊ नका. चालवू नका, पळवू तर नकाच. स्नायू हलले की विष लवकर पसरतं. उचलून गाडीपर्यंत न्या. चावल्याची वेळ लक्षात ठेवा, मोबाइलवर टिपून घेतली तर उत्तम.

चहा, दारू, काढा काही देऊ नका. दुखतंय म्हणून घरातली अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्रुफेनची गोळीही नको. घोणस किंवा फुरसं असेल तर आधीच रक्त गोठेनासं झालेलं असतं, त्यात या गोळ्यांची भर पडते.

२. वर दोरी बांधायची की नाही? एक जण बांध म्हणतो, एक जण नको.

नको. आवळून बांधल्याने विष कायमचं थांबत नाही, पण पुढच्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो. चावा साधा असूनही दोरीमुळे बोटं काळी पडल्याची उदाहरणं डॉक्टर सांगतात.

अडचण तेव्हा होते, जेव्हा तुम्ही पोचेपर्यंत कुणीतरी बांधून मोकळं झालेलं असतं. अशी घट्ट दोरी बराच वेळ राहिली असेल तर ती रस्त्यात झटक्यात सोडू नका. अडलेलं विष एकदम अंगात जाऊ शकतं. दवाखान्यात जा, डॉक्टरांना दाखवा. प्रतिविषाची, म्हणजे विष निकामी करणाऱ्या इंजेक्शनची, तयारी करून ते सोडतील.

३. चीर देऊन रक्त काढलं, बर्फ लावला, कोंबडी लावली, तर थोडं तरी विष उतरतं ना?

उतरत नाही. दातातून आत गेलेलं विष चिरून किंवा तोंडाने ओढून परत येत नाही. उलट, रक्त गोठत नसलेल्या माणसाला ब्लेडने चिरलं तर ते रक्त थांबता थांबत नाही. कोंबडीचा मागचा भाग जखमेवर धरायचा आणि ती मेली की विष ओढलं म्हणायचं, हा प्रकार अजून चालतो. दाबून धरलेली कोंबडी गुदमरून मरते, एवढाच त्याचा अर्थ. कडुलिंबाचा पाला कडू लागतो का, मिरची तिखट लागते का, यावरूनही विष चढलं की नाही ते कळत नाही.

साबणपाण्याने हलकेच धुतलं तर चालेल, पण त्यासाठी निघायला उशीर करू नका.

४. जवळचा दवाखाना कोणता पकडायचा? गावातल्या डॉक्टरकडे नेलं तर चालेल का?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा आहे आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो. साप कोणता, किती लांब, किती जहाल, यावर अर्धा तास बोलणारे श्रोते आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता कोण असतं हे सांगू शकत नाहीत. ते चावा होण्याआधी माहीत असायला हवं.

जिथे प्रतिविष आहे आणि ते शिरेतून देणारा डॉक्टर हजर आहे, ते तुमचं जवळचं ठिकाण. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, सिव्हिल हा चढता क्रम आहे. सरकारी ठिकाणी प्रतिविष मोफत मिळतं. श्वासाला त्रास होत असेल, पापण्या पडत असतील, लघवी लाल किंवा कमी झाली असेल, तर पुढे व्हेंटिलेटर किंवा डायलिसिस लागू शकतं. पण तसं असलं तरी प्रतिविषाचा पहिला डोस जवळच्या केंद्रात सुरू करून मगच पुढे हलवणं चांगलं. तो न देताच मोठ्या शहराकडे दोन तासांचा प्रवास करणं, हा आमच्याकडे सर्रास दिसणारा घोळ आहे.

गावातल्या खासगी डॉक्टरकडे धनुर्वाताचं इंजेक्शन मिळेल. ते ठीक आहे, पण तो सर्पदंशावरचा इलाज नाही. 'सुई झाली' म्हणून घरी परतू नका.

५. १०८ ची वाट बघू की मोटारसायकलवर नेऊ?

१०८ ला फोन लगेच करा आणि किती वेळ लागेल ते विचारा. गाडी लवकर येणार नसेल तर जी मिळेल ती घ्या. मोटारसायकलवर न्यायचं असेल तर रुग्णाला मध्ये बसवा, पुढे चालवणारा आणि मागे धरणारा. कोणत्याही क्षणी मान टाकली तर मागच्याने सावरायचं. जीप किंवा टेम्पोत आडवं करत असाल तर डाव्या कुशीवर, म्हणजे उलटी झाली तरी ती घशात जाणार नाही.

६. आपल्याकडे विषारी साप किती प्रकारचे?

माणसं दगावतात ती बहुतेक चार सापांमुळे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. पहिल्या दोघांचं विष मुख्यतः नसांवर काम करतं. पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. नागाच्या चाव्यात जागेवर सूज आणि मांस सडणंही असतं. घोणस आणि फुरशाचं विष रक्तावर. सूज, भयंकर ठणका, हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त. घोणशीने मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कुकरची शिट्टी लांबल्यासारखा फुत्कार घोणशीचा. फुरसं लहानसं, कोकणात विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गात भरपूर, अंगाचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं.

धामण, दिवड, तस्कर, नानेटी, गवत्या, कवड्या, मांडूळ, डुरक्या घोणस हे बिनविषारी. पण नावांवर फार विसंबू नका. तालुका बदलला की नाव बदलतं आणि एकाच नावाने दोन साप ओळखले जातात.

७. साप ओळखता आला नाही. मारून सोबत न्यायचा का?

नाही. डॉक्टर सापावर उपचार करत नाहीत, लक्षणांवर करतात. भारतातलं प्रतिविष वरच्या चारही सापांवर मिळून एकच आहे, त्यामुळे सापाचं नाव न कळल्याने इंजेक्शन अडत नाही. मारायच्या नादात दुसऱ्याला चावा होतो, हेही दर वर्षी ऐकतो. मेलेल्या किंवा तुटलेल्या डोक्याच्या सापाचा जबडाही काही काळ चावू शकतो. पिशवीत 'मेलेला' साप घेऊन आलेला माणूस पाहिला की नर्सबाई आधी बाकावर चढतात, असं त्यांनीच आम्हाला सांगितलं.

लांबून, पाठलाग न करता फोटो मिळाला तर दाखवा. नाही मिळाला तरी बिघडत नाही.

घोटाळा सर्वांत जास्त मण्यार आणि कवड्या यांच्यात होतो. मण्यार काळी-निळसर, तिचे पांढरे बारीक पट्टे शेपटीकडे ठळक आणि मानेकडे पुसट. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे डोक्याकडे ठळक. हे दिवसा, कागदावर सोपं आहे. रात्री बॅटरीच्या उजेडात कुणालाही येत नाही, तेव्हा तो प्रयत्नच नको.

८. दाताच्या दोन खुणा नाहीत, सूजही नाही. मग साप चावला नसेल ना?

ही समजूत फार महागात पडते.

मण्यार रात्री फिरते. उंदरांच्या, पालींच्या मागे घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज येत नाही, दुखतही नाही. मुंगी चावली असेल म्हणून माणूस कूस बदलून झोपतो. पहाटे पोटात कळा येतात, उलटी होते, घसा धरतो. घरचे म्हणतात रात्रीचं शिळं बाधलं. आमच्याकडे आलेल्या फोनमध्ये 'अ‍ॅसिडिटीची गोळी दिली' हे वाक्य इतक्या वेळा आलं आहे की आता तेच आम्हाला लक्षण वाटतं. मग पापण्या पडू लागतात. डोळे उघडत नाहीत म्हणून 'झोप येतेय, झोपू द्या', किंवा उलट, 'झोपू देऊ नका, विष चढेल' म्हणून थोबाडीत मारणं. दोन्ही चूक. ती झोप नसते, पापणीचा स्नायू लुळा पडलेला असतो.

तेव्हा जमिनीवर झोपलेल्या माणसाला पावसाळ्यात पहाटे अचानक पोटात दुखलं, एकाची दोन दिसायला लागली, पापण्या जड झाल्या, आवाज नाकातून यायला लागला, तर साप दिसला नसला तरी मण्यार समजून निघा. लक्षणं कधीकधी कित्येक तासांनी येतात. म्हणूनच चावा झाल्याची शंका असेल तर पूर्ण २४ तास दवाखान्यात नजरेखाली ठेवतात.

९. दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरांनी सापाचं इंजेक्शन दिलंच नाही. भांडायचं का?

थांबा. बिनविषारी साप चावला असेल किंवा विषारी सापाने विष न सोडता चावा घेतला असेल (तसंही होतं), तर प्रतिविषाची गरज नसते. ते निरुपद्रवी औषध नाही, त्याची रिअ‍ॅक्शन येऊ शकते (प्रश्न १२ पाहा). डॉक्टर शिरेतलं २ मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत काढून २० मिनिटं हलवल्याशिवाय ठेवतात. मग नळी आडवी करतात. रक्त गोठलं नसेल तर घोणस-फुरशाचं विष अंगात आहे. ही चाचणी साधी, स्वस्त आणि प्राथमिक केंद्रातही होणारी. सोबत पापण्या, मान उचलणं, श्वास बघतात.

भांडायचंच असेल तर एका गोष्टीवर भांडा. निरीक्षणाशिवाय घरी पाठवू नका म्हणा.

१०. हे इंजेक्शन बनतं कसं? आणि इतक्या बाटल्या का लागतात?

सापाच्या विषाचे अगदी छोटे डोस घोड्याला देतात. घोड्याच्या रक्तात विषाला पकडणारी प्रतिद्रव्यं तयार होतात. ती वेगळी काढून, शुद्ध करून बाटलीत भरतात. शंभरहून अधिक वर्षांची ही पद्धत. आपल्या परळच्या हाफकिनचं नाव याच कामाशी जोडलेलं. प्लेगच्या साथीत, १८९९ मध्ये सुरू झालेली ती प्रयोगशाळा. विष मात्र मोठ्या प्रमाणावर तामिळनाडूतून येतं. चेन्नईजवळ इरुला आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ पासून आहे. साप पकडायचे, विष काढायचं आणि साप परत जंगलात सोडायचे. त्यांच्यातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

सुरुवातीलाच साधारण १० बाटल्या लागतात, कारण एक १० मिलीची बाटली नाग किंवा घोणशीचं जेमतेम ६ मिलिग्रॅम विष निकामी करते आणि साप एका चाव्यात त्याच्या कितीतरी पट सोडू शकतो. शिवाय एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, हे संशोधनातून दिसलं आहे. एका भागातल्या विषापासून बनलेलं औषध दुसऱ्या भागात तेवढंच चालेल असं नाही. प्रादेशिक प्रतिविष हवं ही मागणी त्यातूनच आली.

११. मूल पाच वर्षांचं आहे. त्याला अर्धा डोस ना?

नाही, पूर्ण. सापाने मूल लहान म्हणून विष कमी सोडलेलं नसतं, आणि इंजेक्शन वजनाप्रमाणे नाही तर विषाप्रमाणे. लहान शरीरात तेवढंच विष जास्त घातक. गरोदर बाईलाही प्रतिविष देतात. पोटात बाळ आहे म्हणून ते टाळणं आईच्या आणि बाळाच्याही जिवावर बेततं.

१२. इंजेक्शनने थंडी वाजून पित्त उठलं. उलट तब्येत बिघडली की!

घोड्याचं प्रथिन अंगात गेल्यावर काहींना खाज, पित्त, थंडी, उलटी, क्वचित दम लागणं होतं. म्हणून ते सलाईनमधून देतात आणि शेजारी अ‍ॅड्रेनॅलिन भरून ठेवतात. रिअ‍ॅक्शन आली की थांबवतात, उपचार करतात, मग पुन्हा सुरू करतात. मध्येच 'आम्हाला नको, घरी नेतो' म्हणू नका. रिअ‍ॅक्शनवर इलाज आहे, अंगातल्या विषावर मात्र याच्याशिवाय दुसरा नाही.

काहींना आठवड्या-दीड आठवड्याने ताप, सांधेदुखी, अंगावर गांधी येतात. तीही याच औषधाची मागाहून आलेली प्रतिक्रिया असते, परत दाखवा.

१३. पेशंट व्हेंटिलेटरवर आहे, डोळे उघडत नाही, बाहुल्याही हलत नाहीत. नातेवाईक म्हणतात संपलं, घरी न्या. काय करू?

नेऊ नका. असे फोन रात्री येतात आणि फोन ठेवल्यावर आम्हालाही झोप लागत नाही.

मण्यारीच्या विषाने शरीरातले स्नायू इतके लुळे पडतात की माणूस मेंदू बंद पडल्यासारखा दिसतो. बाहुल्या मोठ्या आणि स्थिर, हाक मारली तरी काही नाही. पण मेंदू शाबूत असतो. तो आतून ऐकत असू शकतो. विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतं, ते टोक पुन्हा सावरायला दिवस लागतात, कधी आठवडे. तोवर यंत्र श्वास देतं, एवढंच काम. शेजारी बसून रडारड किंवा 'आता काय राहिलं' अशी बोलणी करू नका, त्याच्याशी नेहमीसारखं बोला. खर्चाची चिंता असेल तर रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

१४. आमच्या गावात मंत्राने उतरवतात आणि माणसं बरी होतात. ते कसं?

चावणारे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारीही कधी कोरडा, म्हणजे विष न सोडता, चावा घेतात. ही माणसं पारावर नुसती बसवून ठेवली असती तरी बरी झाली असती. श्रेय मंत्राला जातं. जी दगावतात त्यांचं 'नशीबच तसं', किंवा 'आणायला उशीर केला'.

भगताशी भांडून गाव बदलत नाही, हे आम्ही अनुभवाने शिकलो. काही ठिकाणी भगतालाच समजावून सांगितलं. आधी गाडीत बसव, मंत्र गाडीत म्हण. ते चालतं. पण जो उपचारापासून अडवतो त्याच्यासाठी कायदा आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं स्पष्ट लिहिलं आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडले तो हाच. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला.

१५. प्रतिविष देऊनही उपयोग झाला नाही, असं होऊ शकतं का?

उशीर हे त्याचं पहिलं कारण. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडतं, आधीच झालेली इजा भरून काढत नाही. म्हणून सडलेलं मांस, बंद पडलेलं मूत्रपिंड, लुळा पडलेला श्वास यांना वेगळे उपचार लागतात. नागाच्या चाव्यात निओस्टिग्मिन नावाचं इंजेक्शन मदत करतं, मण्यारीत त्याचा फारसा उपयोग नाही.

दुसरं कारण, साप त्या चारांपैकी नसणं. सह्याद्रीतल्या झाडीत, विशेषतः दक्षिण कोकण आणि गोव्याकडे, हिरवा किंवा नक्षीदार चापडा असतो. समुद्रात जाळ्यात सापडणारे साप तर वेगळेच. या सापांवर आपलं प्रतिविष उपयोगी पडत नाही. चापड्याच्या चाव्याने सहसा माणूस दगावत नाही, सूज आणि दुखणं फार. समुद्रसापाचा चावा मात्र गंभीर. खलाश्यांनी जाळ्यातला साप हाताने सोडवू नये आणि चावा झाल्यास बोट बंदराकडे वळवावी. उपचार लक्षणांवर होतो, त्यामुळे तरीही दवाखान्यातच जायचं.

१६. दोन वर्षांपूर्वी घोणस चावली होती, वाचलो. पण तेव्हापासून अंगात ताकद नाही.

हा प्रश्न कमी येतो, पण डॉक्टरांनीही तो गांभीर्याने घ्यावा असा. घोणशीच्या विषाने कधीकधी मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीला इजा होते. महिन्यांनी, वर्षांनी थकवा, थंडी सहन न होणं, बायकांची पाळी थांबणं, पुरुषांची दाढी विरळ होणं असं दिसतं. 'साप चावल्याची भीती मनात बसलीय' म्हणून सोडून देतात. हार्मोनच्या रक्ततपासण्या करून घ्या, गोळ्यांनी फरक पडतो. मूत्रपिंडाचीही तपासणी करा.

आणि हो, एकदा चावल्याने पुढच्या वेळी विष चढत नाही, असं काही नसतं.

१७. साप डूख धरतो का? दूध पितो का?

नाही, नाही. सापाच्या मेंदूत माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सूड घ्यायची सोय नाही. एक मारल्यावर दुसरा दिसतो, कारण तिथे उंदीर असतात. दूध त्याला पचत नाही. नागपंचमीला तो पितो असं दिसतं ते कित्येक दिवस पाण्याविना ठेवलेला असतो म्हणून. नागमणीही नाही.

याच भोळसटपणाचा दुसरा धंदा मांडुळाचा. आखूड, बोथट शेपटीमुळे 'दुतोंड्या' म्हणतात आणि गुप्तधन शोधतो म्हणून लाखोंच्या बोली लागतात. सगळी फसवणूक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो पकडणारा आणि विकत घेणारा, दोघेही आत जातात.

१८. घरात साप आलाय. कुणाला बोलवू?

वनविभागाचा १९२६ हा नंबर, किंवा ओळखीचा सर्पमित्र. तोवर लहान मुलं आणि कुत्रं बाहेर, एकाने लांबून नजर ठेवायची. गळ्यात नाग घालून फोटो काढणारा सर्पमित्र बोलवू नका. पायात बूट, हातात हूक असलेला, गर्दी हटवणारा माणूस बघा.

१९. साप येऊच नये म्हणून काय करावं? गंधक, कार्बोलिक टाकतो आम्ही.

त्याने साप थांबत नाही. उंदीर थांबले तर थांबतो. धान्याची पोती भिंतीपासून दूर, सरपण आणि गोवऱ्या घराला लागून नको, कोंबड्यांची खुराडी झोपायच्या जागेजवळ नको.

बाकी तीन गोष्टी: रात्री बॅटरी, शेतात गुडघ्याखाली येणारे गमबूट, आणि झोपताना मच्छरदाणी, तिची कड अंथरुणाखाली खोचलेली. मच्छरदाणीचं महत्त्व लोकांना पटत नाही, पण मण्यारीपासून वाचायला याहून स्वस्त काही नाही. भात कापताना, गवत उचलताना आधी काठीने हलवा. गमबूट चिखलात रुततात, ही तक्रार खरी आहे. लावणीच्या वेळी कुणी घालणार नाही. बांधावरून येताजाताना तरी घाला.

२०. वडील शेतात साप चावून गेले. सरकारी मदत मिळते का?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश आणि विंचूदंश दोन्ही आहेत. मृत्यू झाल्यास २ लाख रुपये. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि कुटुंबातला एक सदस्य, वय १० ते ७५. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, ३० दिवसांच्या आत. दुःखात हीच मुदत निघून जाते, म्हणून शेजाऱ्यांनी लक्ष घालावं. केसपेपरवर 'सर्पदंश' हा शब्द असल्याची खात्री करा. 'श्वसन बंद पडून मृत्यू' एवढंच लिहिलं तर हेलपाटे वाढतात. थेट घरून अंत्यविधी करू नका, पोलीस पाटलाला कळवा.

भूमिहीन शेतमजूर या योजनेत बसत नाही. साप सातबारा बघून चावत नाही, हे आम्ही कार्यक्रमात वारंवार बोललो आहोत.

२१. देशात किती माणसं सर्पदंशाने जातात? सरकारी आकडा तर फारच कमी दिसतो.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातले निम्मे जून ते सप्टेंबरात. सरकारी नोंदीत आकडा कमी दिसतो, कारण घरी किंवा वाटेत गेलेला माणूस रुग्णालयाच्या वहीत येतच नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे. त्याच वर्षी सर्पदंशाची नोंद सक्तीची करा, असं राज्यांना कळवलं.

२२. विंचू चावला तरी हेच करायचं?

नाही. सापाचं प्रतिविष विंचवावर चालत नाही. लाल विंचू कोकणात घातक. घाम फुटणं, उलटी, हातपाय गार पडणं, दम लागणं दिसलं की धावा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी यावर वापरून दाखवली आणि मृत्यू झपाट्याने घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी घरी देऊ नका, डॉक्टर देतील.

२३. म्हैस चरताना चावली तर?

पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा नंबर १९६२. जनावरालाही प्रतिविष देता येतं. जागा न चिरता, न बांधता, सावलीत उभं ठेवा.

२४. परवा शेजारच्या गावात साप चावून बाई गेली. तुम्ही बातमी का दिली नाही?

सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. केंद्र सरकारच्या परवान्याचीच ती अट आहे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटलं. २००६ च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांनाही परवाना मिळू लागला. बातम्यांचं दार तरी बंदच राहिलं.

कोण गेलं हे आम्ही सांगू शकत नाही. म्हणून पावसाळ्यात रोज सकाळी साडेसातला, हवामानाच्या आधी, आमच्या टप्प्यातल्या कोणत्या आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या किती बाटल्या आहेत आणि रात्री डॉक्टर कोण, एवढं वाचून दाखवतो. कधी 'आज शिल्लक नाही' असंही वाचावं लागतं. ते वाचलं की दुपारपर्यंत बहुतेकदा बाटल्या येतात.